रकान्याबाहेर

सकाळी सव्वासहाला होळकर पुलाखाली
नवनाथ मोगल बाटली सोडतो,
दोरीला वजन म्हणून एक जुनं कुलूप, किल्ली हरवलेलं.
“तळ ढवळू नको,” मी दरवेळी सांगते.
“ताई, तळच वर आलाय,” तो दरवेळी म्हणतो.
हा आमचा नमस्कार.

बर्फाच्या पेटीत सहा बाटल्या:
आनंदवल्ली, रामकुंड, गाडगे महाराज पूल,
नासर्डी मिळते ती जागा, तपोवन,
आणि सहावीत कोरं पाणी,
आमच्याच हातांवर पहारा म्हणून.

आगर पातळ करायचं, हाताला सोसेल न सोसेल इतकं गरम.
त्यात पाळलेले जिवाणू, चमचाभर गंगा,
बशीत ओतून साय धरू द्यायची.
रात्रभर सदतीस अंश,
निरोगी माणसाच्या काखेची ऊब.
सकाळी बशीभर शेत उगवलेलं असतं, सलग, धुरकट,
श्वास सोडलेल्या काचेसारखं.
आणि त्यात भोकं.
स्वच्छ, गोल, काही मोहरीएवढी, काही ज्वारीएवढी.

फेज दिसत नाही.
दिसते ती पंगत उठल्यावरची जागा.

माणसाला तो काही करत नाही,
त्याला फक्त आतड्यातला जिवाणू लागतो.
तो जिवाणू नदीत कुठून आला
हे पेठ रोडपासून गंगापूर रोडच्या टॉवरपर्यंत
सगळ्यांना ठाऊक आहे,
कारण तो सगळ्यांचाच आहे.

त्या मंगळवारी रामकुंडाचा ई. कोलाय: शून्य.
आदल्या रात्री कुणीतरी मोठे येणार म्हणून
पोत्यांनी पावडर पडली होती.
गायधनी सरांनी चहा मागवला, खारी मागवली,
“शून्य!” म्हणाले, बाळाचं नाव सांगावं तसं.

मी दुसरी बशी ट्यूबलाइटखाली धरली.
स्केचपेनने एकेक टिंब देत गेले.
तेवीस.
घरमालक गेला, घराला चुना लावला,
कुत्रं मात्र दारातच बसलेलं.
आणि ते बसलंय म्हणजे
काविळीचे, जुलाबाचे त्याच्यासारखेच चिवट कुणी
आत असू शकतात,
ज्यांच्यासाठी आमच्याकडे बशीच नाही.

सरांनी फॉर्म उलटा केला, सुलटा केला.
“याला रकाना कुठाय?”
“नाही सर.”
“मग?”
“शेऱ्यात लिहू?”
“तिथं शिक्का येतो.”
खारीचा चुरा त्यांनी फॉर्मवरून फुंकला.

संध्याकाळी घाटावर एक बाई
तांब्याच्या गडूला डाग देऊन घेत होती.
“पंचवीस वर्षं किडा पडणार नाही,” डागवाला सांगत होता.
खोटं नसेलही बोलत,
खाणारा असेलच आत.
पण खाणारा तिथंच जातो
जिथं पान वाढलेलं असतं.

बाईनं माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं.
“पाणी चांगलंय ना हो?”
“देव्हाऱ्यात ठेवा. तोंडात नका घालू.”
“सासूबाईंच्या तोंडातच घालायचंय.
येवल्याला. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं.”
डागाची वाफ उडाली, चर्र झालं.
तेवीस हा आकडा माझ्या जिभेवर होता
आणि त्याचं काय करायचं ते मला सुचेना.
“उकळून घाला,” मी म्हटलं.
“गंगा? उकळून?”
ती हसली. मग मीही.
मग दोघी हसायच्या थांबलो.

दुतोंड्या मारुतीचे पाय कोरडे होते.
एक पोरगं त्याच्या चौथऱ्यावर भेळ खात होतं.
पुरात पाणी याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं,
की सराफ बाजार माल वर चढवतो.
त्याला कुणी विचारत नाही
तुझा रकाना कुठाय.

ऑफिसला कुलूप लागायचं होतं.
फॉर्म सरांच्या टेबलावर, शिक्का वाळलेला.
समासात, भोक पाडून फाईलला लावतात तिथं,
मी बॉलपेननं लिहिलं:
फेज २३.
भोक त्यावरूनच जाईल कदाचित.