टेपचं दुसरं टोक

भंगारवाल्याने ती किलोवर दिली.
कळंबोलीत, लोखंड बाजारामागच्या काट्यावर
चिखल धरून अकराशे चाळीस भरली.
शंभर तरी नुसती वाळवी असेल, म्हटलं, कापून घे.
तो पन्नासवर अडला.

दोन चाकांची, गोल पाठीची,
कुणाच्या तरी मागून ओढत न्यायची खोली.
आत निजायला दोन फळ्या, बशीएवढी मोरी,
खिडकीच्या दोन काचांमध्ये वाळून गेलेली पाल.
निकेत म्हणाला, पप्पा, रंग मारून कर्जतला भाड्याने देऊ.
रंग शेवटी.
आधी हिच्या हाडापर्यंत जाऊ दे.

रिवेट एकेक छाटले.
तीनशे बारापर्यंत मोजले, मग कंटाळलो.
पत्र्याआड प्लायवूड नव्हतंच,
प्लायवूडचा आकार धरून वाळवी उभी होती.
बोट लावलं आणि भिंत खाली बसली,
दमलेलं माणूस पायरीवर बसतं तशी.
सागाच्या सतरा फासळ्यांपैकी चार शाबूत.
त्या पुसून, नंबर टाकून बाजूला ठेवल्या.
दाऊद मेस्त्री म्हणाला, नवं लाकूड स्वस्त पडेल.
माहीत आहे, म्हटलं.

मग चासी.
खाडीचं मीठ जिथे साचलं होतं
तिथे लोखंड पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत होतं.
तारेचा ब्रश, ग्राइंडर, पुन्हा ब्रश.
तिसऱ्या दिवशी आडव्या चॅनेलवर
पांढरी अक्षरं वर आली:
मोजणी पथक ७.
मी बटण बंद केलं.
चाक त्यानंतरही थोडा वेळ फिरत राहिलं.

आत्याला उलव्याहून रिक्षाने आणलं.
पदीबाई. सत्तरीला टेकलेली.
तिने चपला बाहेर काढल्या,
जमीन नसलेल्या खोलीच्या दारात.
"ह्यो त्या सायबाचा डबा," म्हणाली,
"रातचा कंदील लावून नकाशा रंगवाचा.
मच्छरांनी फोरून काढलेला त्याला."
तेव्हा ती पंधराची. साखळीचं टोक धरायचे
तीन रुपये रोज.
दिवसा साहेब तिच्याच बापाच्या शेतात खुंट्या ठोकायचा,
रात्री गावच्या बाया उपटून आणायच्या.
"बाभलीच्या व्हत्या. बऱ्या जलाच्या."
हसली. मग हसणं मध्येच ठेवून
गंजावर नख घासत राहिली.

ते शेत कुठे, मी विचारलं नाही.
त्याच्यावरून पूल जातो.
पुलावरून जे ट्रक जातात
त्यातल्या काहींच्या बॉड्या मी बांधल्यात.

कुजलेलं कापलं. नवी चॅनेल
नुसती टाचून घेतली, पक्की नाही.
चौकट काटकोनात बसली का, ते कोपऱ्यांना विचारून कळत नाही,
तिरकं मोजावं लागतं.
दोन्ही कर्ण सारखे आले तर ठीक,
नाहीतर दार जन्मभर लागत नाही.
निकेत जेवायला गेलेला.
"दे हिकरं," आत्या म्हणाली,
आणि टेपचं टोक अंगठ्याखाली दाबून
उकिडवी बसली.
"धरू का सोरू?"
"धर."

पहिला कर्ण चार हजार सहाशे बारा.
दुसरा चार हजार सहाशे एकोणतीस.
पुन्हा घेतला. पस्तीस.

"आत्या, तेव्हाही असंच धरायचीस?"
"तवा," ती म्हणाली, "टोक वीतभर सरकवाची.
दर साखलीला. बापूस बोललेला."
"कुठल्या बाजूला?"

टेप ताणलेली. या टोकाला मी, डोळा आकड्यावर.
त्या टोकाला ती, महामार्गाकडे बघत,
अंगठा जिथल्या तिथे,
निदान इथून तरी तसा दिसत होता.

"पुन्हा एकदा," मी म्हटलं.