आठवा

दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी शाळेत
नववीला अकरा मुलं,
आणि प्रयोगशाळेच्या कपाटाला एक कुलूप
ज्याची किल्ली कापडणीस सर निवृत्त झाले
तेव्हा त्यांच्या खिशातून पुण्याला गेली.
बेडूक कापणं तर केव्हाच बंद झालं.
बरंच झालं. माझा हात थरथरायचा.

म्हणून मी मुलांना म्हटलं, वर बघा.

"करोळियो!"
घरात मराठी, रस्त्यावर गुजराती,
दचकल्यावर जी आधी तोंडात येईल ती.
मी फळ्यावर लिहिलं : कोळी.
"मासे धरतो तो?" मागून यज्ञेश.
तोही. जाळं ज्याचं, नाव त्याचं.

पडतो आणि पुन्हा चढतो, ती गोष्ट मी सांगितली नाही.
तासभर आम्ही बघत होतो,
तो एकदाही पडला नाही.
कोपऱ्यातलं जुनं जाळं मात्र
त्याने गुंडाळून खाऊन टाकलं,
आणि नवं ओढायला घेतलं.
"उधारी नाही ठेवत," ओजस म्हणाला,
ज्याच्या वडिलांचं रावपुऱ्यात दुकान आहे.

मग रेवती भोईटेने बरणी आणली.
लोणच्याची, झाकणाला भोकं,
आत गॅसच्या सिलेंडरमागे सापडलेला,
तपकिरी, चपटा, जाळं न विणणारा,
धावून शिकार करणारा.
पाय सात.

डावा तिसरा नव्हता. तिथे फक्त एक ठिपका.
पूनमभाई दिवाळीचा झाडू घेऊन आले,
"बेन, आ काढी नाखुं?" म्हणाले,
बरणीत वाकून बघितलं,
आणि दुसऱ्या दिवशी वरांड्यातल्या दिव्याखालचा
एक पतंग चिमटीत धरून आणला.

रोज तास सुरू करताना मी म्हणायचे,
आठवा, काल काय पाहिलं?
आठवा, आठवा.
आणि मुलं माना खाली घालून
बरणीतले पाय मोजत असायची.

सत्र परीक्षा. छापील पेपर.
प्रश्न पाच : कोळ्याला पायांच्या किती जोड्या असतात?
दहा मुलांनी लिहिलं, चार.
रेवतीने लिहिलं, साडेतीन.

साडेतीन मुहूर्त मला माहीत होते,
साडेतीन पीठं.
लाल पेन हातात धरून
मी किती वेळ त्या शब्दाकडे बघत बसले,
खाली सूरसागरच्या रस्त्यावर
रिक्षांचे हॉर्न वाजत होते.
पुस्तक म्हणतं ते चूक नाही.
तिने पाहिलं तेही नाही.
शेवटी मी अर्धा गुण दिला.
अर्धा. जणू मीही
एक पाय कुठे तरी टाकून आलेली.

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा
बरणीच्या तळाशी तो पडलेला,
पाय आखडून, पोकळ, हलका.
यज्ञेशने तोंड फिरवलं. कुणी बोलेना.
पूनमभाई म्हणाले, मी रोज पतंग टाकत होतो, बेन,
अगदी धनतेरसलाही.

रेवतीने झाकण काढलं,
आणि झाकणाला आतून चिकटून
दुसरा एक.
फिका, ओलसर, दुधात भिजवल्यासारखा.
खाली होती ती कात.

तिने मोजले. मोठ्याने नाही,
ओठ हलत होते फक्त.
डाव्या बाजूला तिसऱ्या जागी
एक आखूड, बारीक, काडीसारखा पाय,
नुसता उगवलेला,
बाकीच्यांच्या अर्ध्याने.

मी म्हणणार होते, आठवा.
तोंडातून शब्द आला नाही,
कारण तो तिथेच होता.

"बाई," रेवती म्हणाली,
"आता पुस्तकाचं उत्तर बरोबर आलं."

चार दिवसांनी, तो तपकिरी झाल्यावर,
पंपाच्या खोलीमागे आम्ही बरणी आडवी केली.
तो लगेच गेला नाही.
गेला तेव्हा दिसलाही नाही.

कात माझ्या खडूच्या डबीत आहे.
कुणी तपासनीस आले, विचारलं
तर उघडून दाखवीन : सात.
आणि गुणपत्रकावर
अर्ध्याच्या जागी मी एक लिहिलाय,
जुना आकडा खोडला नाही,
नुसती आडवी रेघ मारली,
खाली सही केली.