चार दहाचं गाणं

पुन्ता अरेनासमध्ये, खिळेमोळ्यांच्या दुकानावर
एलेउतेरिओचं इंटरनेट रेडिओ स्टेशन:
एक लॅपटॉप, एक हीटर, आणि पडद्याच्या कोपऱ्यात
ऐकणाऱ्यांचा आकडा. एकोणीस.
कधी वीस. वारा पडला तर एकवीस.

भाचा म्हणाला, मामा, यादी शिळी झालीय,
दर गुरुवारी नवी गाणी घाल.
घातली.
आकडा फुगला. चाळीस, सत्तर,
एका रात्री तर एकशे बारा,
कुठल्या कुठल्या देशांतले;
आले तसे अर्ध्या गाण्यातून उठूनही गेले.

मग सामुद्रधुनीपलीकडून, पोर्वेनिरहून
बेकरीवाल्या ओतिलियाचा निरोप:
चार दहाचं अकॉर्डिअन संपलं
की मी भट्टी उघडायचे.
तीन आठवडे पाव करपतायत.
घड्याळ घेऊ का?

नऊ वर्षं पोर्वेनिरचा तो एक ठिपका पाहून
त्याला वाटायचं,
कुणाला तरी हे गाणं फार आवडतं.

आता यादी गुरुवारी बदलतेच.
फक्त पहाटे चार दहाला
तेच जुनं, खरखरणारं, जरा बेसूरच अकॉर्डिअन.
भाचा चिडतो. आकडा घसरतो
थेट एकावर.
एलेउतेरिओ हीटरजवळ सरकतो
आणि उगाचच
नाक वर करून वास घेतो.