खंड आठवा, पान चारशे बारा

रात्रपाळीला मी उपकेंद्रात असतो,
लाडखेडच्या अलीकडे, संत्र्याच्या बागेला लागून.
दर तासाला रीडिंग घ्यायचं, वहीत भरायचं.
मधली पन्नास-पंचावन्न मिनिटं माझी.

पहिला खंड मी आठवड्यात संपवला होता.
तीन राजे मेले, एक समुद्र आटला,
आणि मिठाच्या शहराला आग लागली त्या रात्री
मी अकराचं रीडिंगच विसरलो.
पवनीकर साहेबांचं बोलणं खाल्लं, मुकाट.
दुसऱ्यात इरावा आली, आंधळी सेनापती.
तिच्यासाठी मी नवा टॉर्च घेतला.
(उपकेंद्रातही लाइट जाते. लोकांना खोटं वाटतं.)

सहाव्या खंडात सैन्य नदीकाठी आलं.
सातव्या खंडात सैन्य नदीकाठी आहे.
घोड्यांना चंदी. चंदीचा भाव.
चंदी पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचा मेहुणा.
मेहुण्याचं बालपण, आजोळसकट.
कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षर:
‘इथून साठ पानं सोडली तरी चालेल. सु. मे.’
म्हणजे सुषमा मेश्राम, आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर,
वाचनालयात माझ्या आधी त्यांचा नंबर असतो.
मी सोडली नाहीत.
सोडायला हवी होती.

आणि आता हा आठवा. सहाशे ऐंशी पानं.
छातीवर ठेवून झोपलं तर दम लागतो.
इरावा जिना उतरते आहे.
दोनशेव्या पानावर तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला.
आज चारशे बारा.
कठड्यावरचं कोरीवकाम ती बोटांनी वाचते आहे,
वेल, वेलीवरचा पक्षी, पक्ष्याच्या चोचीतला दाणा.
उतर ना माय.
खाली दूत उभा आहे पाचव्या खंडापासून,
त्याच्या हातातलं पत्र आता मऊ पडलं असेल.

वाचनालयाचे लोणारे म्हणतात, लेखक थकला असेल.
असेल. फोटोत केस पिकलेत.
पण ज्यानं एका पानात समुद्र आटवला
त्याला नदी का ओलांडवत नाही?

सुदाम बोबडे शकुंतलेवर गँगमन होते.
झोप येत नाही, म्हणून बाराच्या सुमारास
फाटकापाशी येऊन बसतात.
बारीक टाइप दिसत नाही त्यांना, मी गोष्ट सांगतो.
परवा म्हणाले, ‘उतरली का तुही बाई?’
नाही.
‘अन् नदी?’
नाही काका.
त्यांनी बिडी दगडावर घासून विझवली.

‘आमची शकुंतला हळूच होती, मान्य.
मानसं उतरे, बोरं तोडे, पयत येऊन पुन्हा चढे.
एकडाव तं ड्रायवरनं वरातीले वाट देल्ली.
पन मुर्तिजापूर ये, भाऊ. उशिरा ये, पन ये.
हळूले कोनी चिडत नाई.
गाडी उभी हाय अन् नुसता धूर दाखवून रायली,
तवा चिडते मानूस.’

मी काही बोललो नाही.
पलीकडे रुळांत तरोटा माजला होता, कमरेएवढा.
गाडी बंद पडून कितीतरी वर्षं झाली.
‘सुरू होनार म्हनते,’ ते उठता उठता म्हणाले.
हे ते दरवेळी म्हणतात.

शनिवारी लोणारेंनी वही पुढे केली,
नवव्याची मागणी नोंदवायची का?
नाही म्हणायचं ठरवूनच गेलो होतो,
वाक्यही तयार होतं, चांगलं तिखट.
वहीत वर आधीच पेन्सिलीनं: सु. मे.
मी खाली सही केली.

तीनचं रीडिंग घेतलं.
व्होल्टेज ठीक. लोड कमी. ट्रान्सफॉर्मरची तीच घूं.
सकाळी पवनीकर साहेब वही घेऊन आले,
शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले,
हे काय लिहिलंय?
पाहिलं तर माझंच अक्षर:
‘अजून जिन्यावरच.’