पायरी

दोनशे पानांची वही, गांधीबागेतून आणलेली,
लाल कापडी पाठीची, उधारी लिहितात तसली.
नववी ब च्या खिडकीला, गजाशी सुतळीनं बांधली.
घरी न्यायची तर गाठ सोडायची,
आणि गाठ सोडताना सगळा वर्ग बघणार.

नियम एकच : आज जे कळलं ते एकानं लिहायचं.
नाही कळलं तर तेही.
खाली कुणीही लिहावं.
खोडायचं मात्र नाही.

पहिला आठवडा नुसती सुवाच्य अक्षरं,
फळ्यावरचं माझंच मला परत,
समासासकट.
मग प्रणोती मेश्रामनं डायमंड क्रॉसिंग काढलं,
रुळांवरून रूळ आडवे जातात ते.
"चारही कोन नव्वदचे. बाबा गँगमन आहेत,
त्यांनी मोजू दिले नाहीत, पण आहेत."
खाली अर्शद, हिरव्या शाईत :
"मोजले नाहीत तर सिद्ध कर बे."
केलं तिनं. एक नव्वद धरून उरलेले तिन्ही,
दीड पान, मध्ये एक चूक.
चूक चेतना हेडाऊला सापडली.
तिनं तिच्याभोवती चौकट आखली,
वेलबुट्टी काढून,
घरातल्या कुणाचा फोटो असावा तशी.

दुर्वास पराते मागच्या बाकावरचा.
पहाटे साडेचारला मामाच्या पोह्यांच्या ठेल्यावर,
मग शाळा,
मग झोप, बहुतेक माझ्याच तासाला.
त्याच्या पाळीला त्यानं एक ओळ लिहिली :
"वजा गुणिले वजा, अधिक काऊन होते?"

हसले काही. हे तर सातवीतलं.
मी लाल पेन उघडलं. 'नियम आहे'
एवढंच लिहिणार होते.
एकोणीस वर्षं शिकवून माझ्याकडे
तेवढंच निघालं.
पेन बंद केलं. कूलरचा पंखा खडखडत राहिला.

अर्शद : "जाऊ नको असं म्हणू नको, म्हणजे जा."
चेतना : "दुकानदारानं तुझी उधारी खोडली
तर तू तेवढा श्रीमंत."
प्रणोतीनं संख्यारेषेवर एक माणूस काढला,
पाठमोरा, उलट्या पावली चालणारा.
प्रत्येकाखाली दुर्वासचं तेच :
"हे उदाहरण झालं. कारण नाही."

मग एका सोमवारी गजाला नुसती सुतळी.

तिसऱ्या दिवशी मी दप्तरं तपासली.
हेही लिहून ठेवते,
खोडायचं नाही असं मीच म्हटलं होतं.

बाराव्या दिवशी वही जागेवर, गाठ वेगळी.
पुठ्ठ्यावर हळदीची बोटं,
आत एका पानावर तर्री सांडलेली,
आणि तिच्या काठाकाठानं, तेल चुकवत :

−३ × २ = −६
−३ × १ = −३
−३ × ० = ०

"दर वेळी तीननं वर चढून राहिलं.
शून्यापाशी आलं म्हणून काऊन थांबन?
पायरीले काय माहीत शून्य काय असते."

−३ × −१ =

बरोबरच्या चिन्हापुढं काहीच नाही.
"पुढचं तुम्ही लिहा."

कुणी कुणाला सांगितलं नाही.
दोन दिवसांत त्या रिकाम्या जागेत
तीन, तीन, तीन,
वाकडे, गोल शेपटीचे, एक हिरवा,
एक अगदी बारीक, भीत भीत.
अडतीस मोजले. दुर्वासचा नव्हता.
एकोणचाळिसावा लाल, माझा,
सगळ्यांत शेवटी, जागा उरली तिथं, तिरका.

सहामाहीत त्याला सत्तावीस पडले.
भूमितीच्या पेपरला झोप लागली, म्हणाला,
आणि लाजला नाही.

वही अजून कपाटात आहे.
तेलानं ते पान आरपार झालंय.
उजेडाला धरलं की
मागच्या पानावरचं क्रॉसिंग त्यातून दिसतं,
चारही कोन, वेलबुट्टीची चूक.
पुढची पाळी कुणाची, ते खाली लिहिलं होतं.
नाव तर्रीखाली गेलंय.