बरणी

डॉक्टरीणबाईंनी तीन बरण्या पुढं ठेवल्या,
प्रत्येकीत एकेक बनियन.
"यातलं तुमच्या मालकांचं कुठलं?"
नक्की काही नाही म्हणाल्या, नुसतं शोधतोय.

पहिलीत कुणाचातरी साबण.
दुसरीचं झाकण अर्धं फिरवलं
आणि उद्यमनगर आलं:
लेथचं कुलंट, बिडाची भुकटी,
खिशातल्या पानाचा कात,
आणि त्याखाली मानेच्या खळीतला
तो एक, ज्याला नाव नाही.

"हेच."
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.
तिसरी उघडलीच नाही.

घरी दोरीवर तिघा भावांचे शर्ट एकाच ताग्याचे.
मी न बघता वेगळे करते.
जाऊबाई विचारतात, कसं गं कळतं?
त्यांची पोरं पायात घुटमळत असतात.

तिन्ही खेपेला आधी नाकालाच कळलं.
गल्लीतल्या डंकावरच्या चटणीचा वास
आठ-आठ आठवडे सोसवायचा नाही,
मग एका सकाळी
मिरची नुसती मिरची झालेली.
सोनोग्राफी त्यानंतर दोन दिवसांनी.

बाहेर सर्जेराव बाकावर, हात धुऊन आलेले.
"काय म्हणाल्या?"
"तुम्ही सापडलासा."

हसले. गाडीला किक मारली.
रोज त्यांच्या पाठीला नाक लावून बसते मी.
आज दसरा चौक येईपर्यंत
वाऱ्याकडं तोंड करून बसले.