आडवा आठ

मंगळवारी साडेसहाला आर्ब्रोथच्या बंदरावर
हॅडॉकचा धूर गल्लीगल्लीत उतरलेला असतो
आणि आम्ही सातजणी
शिडं शिवायच्या जुन्या गोदामावरच्या हॉलमध्ये
बूट काढून उभ्या.

फरशी गार.
हीटर नाण्यांवर चालतो
आणि नाणी सगळी आमच्या कमरेला,
पत्र्याची, रुमालाला टाचलेली.
सेंगानं एकदा त्यातलंच एक तोडून आत टाकलं.
हीटर खोकला,
विचारात पडला,
आणि अकरा मिनिटं तापला.

रागिया दिवसभर औषधांच्या दुकानात
गोळ्या मोजते.
अलेक्झांड्रियाहून इथं आली
तेव्हा समुद्र तोच असेल असं तिला वाटलं होतं.
"नाहीये," ती म्हणते. एवढंच.
मग गाणं लावते आणि पहिली सूचना देते:
"पोट आत ओढू नका."

आम्ही एकमेकींकडे बघतो.
चाळीस वर्षं दुसरं काय केलं आम्ही?
फोटोत ओढलं, चर्चच्या बाकावर ओढलं,
कपड्यांच्या दुकानातल्या त्या उभ्या आरशापुढं
श्वास संपेपर्यंत.
या पोटासाठी राबले,
हजारो माशांची पोटं फाडली,
नवऱ्याचं किती काय पोटात घातलं,
बहिणीचं एक अजून पोटातच आहे,
पण त्याला स्वतःला
कधी हलायचंय का, विचारलं नव्हतं.

माझ्या बेंबीखाली आडवी शिवण आहे.
पिशवी काढली त्या वर्षीची.
कापणाऱ्याचा हात चांगला होता,
मला कळतं त्यातलं.
शिवणीच्या खालचं मात्र काही कळत नाही,
तिथं बोट लावलं तर
शेजारच्या घराचं दार वाजवल्यासारखं वाटतं.

आज आठ शिकायचा.
रागिया फळ्यावर काढायला जाते
आणि सवयीनं तिकडचा आठ उतरतो,
दोन तिरप्या रेघा, वर टोक,
घराच्या छपरासारखा.
क्षणभर बघत राहते त्याच्याकडे,
बाहीनं पुसते,
आमचा काढते. दोन वेटोळी. आडवी.
"कमरेनं हा लिहायचा."

किल्ल्यांचा जुडगा घेऊन लॅक्लन दारात.
बत्तीस वर्षं बोटीवर होता, आता हॉल झाडतो.
नजर जमिनीवर ठेवून म्हणतो,
"हा माझ्याकडे आहे."
खिशातून सुतळी काढतो,
वेढा, मागून, पुढून, आत.
तळहातावर सैलसर आठ.
"ओढला की गच्च."
रागिया वाकून बघते.
"मग ओढू नका," ती म्हणते.
तो तसाच उभा राहतो,
अंड्यासारखी गाठ धरून.

इफीचा आठ चौकोनी येतो.
युनाचा निम्म्यात संपतो, ती पुन्हा पहिल्यापासून.
माझा येतच नाही.

आणि मग वीज जाते.
वारा बंदरावर काहीतरी पत्र्याचं ओढत नेतोय.
गाणं बंद. खिडकीत धुकं,
हातभर अंतरावरची सेंगासुद्धा दिसेना.
कोणी थांबा म्हणालं नाही, म्हणून थांबलो नाही.
सात कमरांची नाणी,
आधी भांडी पडल्यासारखी,
मग हळूहळू
खडे ओढत मागं जाणाऱ्या लाटेसारखी.
त्यात एक आवाज
न अडखळता जात होता, येत होता.
बराच वेळ मी तो ऐकत होते.
मग लक्षात आलं, तो माझ्याच डाव्या बाजूनं येतोय.

शिवण होती तिथंच होती.
तिच्याखालून काहीतरी वळलं
आणि वर आलं.

वीज आल्यावर सगळ्यांनी डोळे चोळले.
इफीनं जरा जास्त वेळ.
लॅक्लनची सुतळी अजून तळहातावर, सैल.

बुधवारी सकाळी रबरी एप्रन,
बर्फ, सुरी, हॅडॉक.
पट्ट्याच्या गुणगुणीवर माझं वजन
डावीकडून उजवीकडे जातं, मागून परत येतं.
सुपरवायझर पोरगा, अजून मिसरूडही नाही,
काळजीनं विचारतो,
"कंबर दुखतेय का?"

"हो," मी म्हणते, "जराशी."